छोट्या टीमचं गेम टेस्टिंग: बग सापडणं पुरेसं नाही, तो परत घडवता आला पाहिजे

एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून गेम बनवणाऱ्यांना टेस्टिंगचं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, गेम होत आला की मित्रांना खेळायला देऊ, ते सांगतील ते दुरुस्त करू. मग मित्र खेळतात आणि मेसेज येतो, "अरे तिसऱ्या लेव्हलला अडकला गेम." कुठे अडकला, तेव्हा काय करत होतास, बिल्ड (म्हणजे गेमची बनवून दिलेली आवृत्ती) कुठला होता, यातलं त्याला काहीच सांगता येत नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नाही, तो खेळत होता. आपण ती लेव्हल परत परत खेळतो, काहीच होत नाही, आणि तो बग तसाच गेमसोबत रिलीज होतो.

मोठ्या स्टुडिओकडे क्यूएची, म्हणजे फक्त टेस्टिंगची माणसं असतात, दिवसभर तेच करणारी. आपल्याकडे ती नाहीत आणि येणारही नाहीत. त्यामुळे माझं ठाम मत आहे की छोट्या टीमने जास्त बग शोधायच्या मागे लागण्याआधी एकदा घडलेला बग हुकमी परत घडवता येईल अशी सोय गेममध्येच करून ठेवावी. खाली जे सांगतोय ते याच हिशोबाने. डोळ्यासमोर एक साधा टूडी प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) धरा, गोडो किंवा युनिटी या गेम इंजिनमध्ये बनवलेला, विंडोजवर स्टीम या ऑनलाइन दुकानात आणि मोबाइलवर प्ले स्टोअरवर जाणारा.

आधी ही सोय करा, लेव्हल नंतर बनवा

सगळ्यात पहिलं म्हणजे बिल्ड नंबर. मेनूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, आणि टेस्टिंगच्या बिल्डमध्ये खेळतानाही सतत दिसेल असा. हा नंबर हाताने टाकू नका कारण हाताने टाकलेला नंबर बदलायचा राहून जातो, बिल्ड बनवणाऱ्या स्क्रिप्टलाच तारीख आणि गिटच्या कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) ओळखक्रमांकाची पहिली सात-आठ अक्षरं टाकू द्या. मग कोणी नुसता स्क्रीनशॉट पाठवला तरी तो नेमका कुठल्या कोडचा आहे ते कळतं.

दुसरं लॉग, म्हणजे गेममध्ये काय काय घडलं याची नोंद. युनिटी विंडोजवर प्लेयर डॉट लॉग नावाची फाइल ॲपडेटाच्या लोकललो फोल्डरमध्ये स्वतःहून लिहितं, गोडो डेस्कटॉपवर युजर फोल्डरमध्ये लॉग्स नावाच्या फोल्डरात ठेवतं, अँड्रॉइडवर केबल लावून लॉगकॅट, म्हणजे तिथला लॉग, बघता येतो. फाइल असते पण तिच्यात उपयोगाचं काही नसतं, ते आपण लिहायचं असतं. कुठला सीन लोड झाला, कुठला चेकपॉइंट लागला, सेव्ह कधी सुरू झालं आणि कधी संपलं, प्लेयर कशाने मेला, पॉज कधी दाबला, कंट्रोलर कधी सुटला. प्रत्येक फ्रेमला काही लिहू नका, त्यात कामाची ओळ हरवते आणि गेमही हळू होतो. लॉग वाचून त्या माणसाने पाच मिनिटांत काय काय केलं ते गोष्टीसारखं वाचता आलं पाहिजे.

तिसरं सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून रँडमची मालिका सुरू होते तो आकडा. गेममध्ये कुठेही रँडम असेल, शत्रू कुठे येणार, पेटीतून काय निघणार, तर रँडमचा सीड सुरुवातीलाच लॉगमध्ये लिहा आणि डीबग मेनूतून (फक्त तपासणीसाठीचा मेनू, पुढे सांगतो) तोच सीड परत देता येईल असं करा. एक काळजी घ्या, गेमच्या नियमांचं रँडम आणि दिखाव्याचं रँडम वेगळं ठेवा. धुळीचे कण आणि शत्रूंची जागा एकाच जनरेटरमधून काढली तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) बदलला की कणांची संख्या बदलते, मग पुढचे सगळे आकडे सरकतात आणि सीड सेम असूनही लेव्हल वेगळी निघते.

चौथा डीबग मेनू: कुठल्याही लेव्हलला उडी, अमरत्व, हवी ती वस्तू, गेमचा वेग कमी-जास्त. बॉसच्या शेवटच्या टप्प्यातला बग तपासायला दर वेळी अख्खी लेव्हल खेळावी लागली तर तुम्ही तो बग नीट तपासणारच नाही. रिलीजच्या बिल्डमधून मात्र हा मेनू पूर्ण काढा, नुसता लपवून ठेवू नका, लोकं शोधून काढतात.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, बगचं बटण. कीबोर्डवर एफ ८ म्हणा किंवा मोबाइलवर तीन बोटांनी टॅप, ते दाबलं की गेम स्क्रीनशॉट घेतो, चालू लॉग, चालू सेव्ह फाइल, सीड, बिल्ड नंबर, प्लेयरची जागा, फ्रेमरेट, ग्राफिक्स कार्ड किंवा फोनचं मॉडेल असं सगळं एका झिपमध्ये बांधतो आणि एक छोटी चौकट उघडतो, "काय झालं ते एका ओळीत लिहा." बस. टेस्टरला फक्त ती झिप पाठवायची असते. हे बनवायला एखादा दिवस जातो पण यानंतर "तिसऱ्या लेव्हलला अडकला" असा मेसेज येत नाही, येते ती सेव्ह फाइल, जी उघडली की तुम्ही त्याच जागी उभे असता जिथे तो अडकला होता. वेळ असेल तर याच्या पुढचं पाऊल म्हणजे इनपुटचं रेकॉर्डिंग, फिजिक्सच्या प्रत्येक टिकला (हिशोबाच्या प्रत्येक पावलाला) कुठली बटणं दाबलेली होती तेवढंच लिहून ठेवायचं, शेवटच्या दोन मिनिटांचं ठेवलं तरी चालतं आणि जागा फार कमी लागते.

ही कल्पना किती लांब नेता येते ते बघायचं असेल तर प्रागच्या वुब सॉफ्टवेअरचा फॅक्टोरिओ बघा. त्यांच्या मल्टिप्लेयरमध्ये प्रत्येक कॉम्प्युटर तोच कारखाना स्वतः चालवतो आणि एकमेकांना फक्त खेळाडूंनी काय केलं तेवढंच पाठवतो, म्हणजे तेच इनपुट दिलं तर सगळीकडे अगदी तंतोतंत तोच निकाल आला पाहिजे, नाहीतर डीसिंक होतो, म्हणजे दोघांचे कारखाने जुळेनासे होतात. या शिस्तीचा मोठा फायदा असा की सेव्ह आणि इनपुट हातात असलं तर बगही तंतोतंत परत येतो. आपल्या गेमला एवढं जमेलच असं नाही, इंजिनचं तयार फिजिक्स वेगवेगळ्या मशीनवर अगदी सारखं वागेल याची खात्री नसते, पण शंभर टक्के जुळलं नाही तरी बरेच बग अशा रेकॉर्डिंगमधून परत दिसतात.

बग लिहून ठेवणे

गिटहबचे इश्यू, ट्रेलो, साधी गुगल शीट, काहीही चालेल, पण जागा एकच हवी. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला बग तिथेच वाहून जातो म्हणून आला की लगेच शीटमध्ये घ्या. एक बरा रिपोर्ट असा दिसतो:

"बिल्ड १४ मार्च, विहिरीची लेव्हल. दोरीला लटकलेलं असताना पॉज केला, मेनूतून चेकपॉइंटला परत गेलो. अपेक्षा: प्लेयर जमिनीवर उभा. झालं काय: प्लेयर लटकलेल्या पोजमध्येच आहे, उडी मारता येत नाही, गेम बंद करावा लागतो. पाचपैकी पाच वेळा होतं. दोरीऐवजी शिडीवर केलं तर होत नाही."

शेवटच्या दोन वाक्यांत सगळं आहे. कितीपैकी किती वेळा होतं, आणि काय बदललं की होत नाही. टेस्टरकडून हे दोन प्रश्न मुद्दाम विचारून घ्या, शिडीवर होत नाही म्हटल्यावर अर्धा कोड तिथेच बाद होतो. आणि एका रिपोर्टमध्ये एकच बग, तीन गोष्टी एकत्र लिहिल्या तर एक दुरुस्त होते आणि बाकीच्या दोन बंद झाल्या असं समजून राहून जातात.

बग कुठे लपतात

सगळीकडे सारखं शोधत बसू नका. काही जागा ठरलेल्या आहेत आणि छोट्या गेममध्ये तेच तेच बग परत परत निघतात.

फ्रेमरेट हा पहिला. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे म्हणून गेम नीट वाटतो, १४४ हर्ट्झवर कॅमेरा झटके देतो आणि १२० हर्ट्झच्या फोनवर शत्रू दुप्पट वेगाने धावतात. डार्क सोल्स २ सारख्या मोठ्या गेममध्येही हे झालं होतं, पीसीवर ६० फ्रेमने खेळताना हत्यारं कन्सोलच्या मानाने दुप्पट वेगाने झिजत होती. म्हणून गेम मुद्दाम ३०, ६०, १४४ आणि पूर्ण मोकळ्या फ्रेमरेटवर चालवून बघा. हालचालीला डेल्टा टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) गुणलं म्हणजे झालं असं समजू नका, कॅमेरा दर फ्रेमला दहा टक्के जवळ आणायचा असा कोड सर्रास असतो आणि तो फ्रेमरेटप्रमाणे वेगळा वागतो. युनिटीत फिक्स्ड अपडेट (फिजिक्ससाठी ठरावीक वेळाने चालणारा कोड) मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला ५० वेळा चालतो, तिथे बटण दाबल्याचा क्षण तपासला तर काही उड्या गिळल्या जातात, खेळणारा म्हणतो कंट्रोल खराब आहेत आणि तुम्हाला काही दिसत नाही. आणि वेगवान गोळी भिंतीतून आरपार जाते तेसुद्धा याच घराण्यातलं, सेकंदाला ३००० पिक्सेल जाणारी गोळी सेकंदाला ६० टिक असतील तर एका टिकला ५० पिक्सेल उडी घेते आणि भिंत १६ पिक्सेलची आहे, म्हणजे गोळीसाठी भिंत नाहीच. टोकाला नेऊन तपासायचं असेल तर फ्रेमरेट १० वर आणा, अशा भिंती एका फेरीत सापडतात.

मग सेव्ह. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण क्रॅश झाला तर माणूस गेम परत सुरू करतो, पण वीस तासांचं सेव्ह गेलं तर तो परत येत नाही आणि त्याने यावं अशी अपेक्षाही ठेवू नये. सेव्ह लिहिताना थेट जुन्या फाइलवर लिहू नका, आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, डिस्कवर गेली याची खात्री करा, मग नाव बदलून जुन्याच्या जागी आणा आणि जुनी फाइल बॅकअप म्हणून ठेवा. आपल्याकडे लाइट जाणं काही नवीन नाही आणि डेस्कटॉपला इन्व्हर्टर सगळ्यांकडे नसतो, त्यामुळे सेव्ह चालू असताना मशीन बंद पडणं ही खरी परिस्थिती आहे. ती तपासायची युक्ती सोपी आहे, डीबग बिल्डमध्ये सेव्हच्या मधोमध मुद्दाम तीन सेकंदांचा थांबा टाका आणि तेवढ्यात टास्क मॅनेजरमधून गेम मारा. परत उघडल्यावर जुनं सेव्ह किंवा नवीन सेव्ह, दोन्हीपैकी एक पूर्ण मिळालं पाहिजे, अर्धवट काही नको. डिस्क भरलेली असताना काय होतं तेही एकदा बघा.

प्रत्येक सेव्हमध्ये व्हर्जनचा आकडा हवा. आणि लोकांना दिलेल्या प्रत्येक बिल्डमधली काही सेव्ह, सुरुवातीचं, मधलं, बॉसच्या आधीचं, गेम संपल्यानंतरचं, एका फोल्डरमध्ये कायमची जपून ठेवा. नवीन बिल्ड झाला की ती सगळी एकामागून एक उघडून बघायची. हे काम कॉम्प्युटरकडून करून घ्या, त्याबद्दल खाली येईलच.

मोबाइलवर गोष्ट अजून वेगळी. अँड्रॉइडवर गेम बंद झाल्याचा निरोप तुमच्या कोडला मिळेलच असं नाही, बॅकग्राउंडला गेलेला गेम सिस्टीम सरळ मारून टाकते, २ किंवा ३ जीबी रॅमच्या फोनवर तर फोन आला, बोलून झालं आणि परत आलं की गेम पहिल्यापासून सुरू. म्हणून सेव्ह पॉजच्या वेळीच करा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज असा पर्याय आहे, तो चालू करून गेम खेळा आणि प्रत्येक मेनूमधून होम बटण दाबून परत या, एका दुपारी बरंच काही निघतं. स्वस्त फोनवर सलग अर्धा तास खेळून बघा, फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि पाचव्या मिनिटाला जो गेम गुळगुळीत होता तो पंचविसाव्या मिनिटाला अडखळायला लागतो.

पॉज आणि सीन बदलणं ही जोडी पण अशीच. पॉजमध्ये टाइमस्केल (गेममधल्या वेळेचा वेग) शून्य केला की युनिटीतलं सेकंद मोजून थांबणारं कोरूटीन (टप्प्याटप्प्याने चालणारा कोड) थांबून राहतं, मग पॉजमधून सरळ मेन मेनूला गेलं की टाइमस्केल शून्यच राहतो आणि पुढची लेव्हल गोठलेली उघडते. मरताना पॉज, कटसीनमध्ये पॉज, दरवाज्यातून जाताना पॉज, लोडिंग चालू असताना कंट्रोलरची केबल काढणं, दोन बटणं एकाच फ्रेमला, असं मुद्दाम वेडंवाकडं खेळा. ज्या वस्तू सीनसोबत नष्ट झाल्या पण इव्हेंट (गेममधले आतले निरोप) ऐकणं सोडलं नाही त्या इथेच क्रॅश होतात. लहान मुलाच्या हातात कंट्रोलर द्या, पंधरा मिनिटांत तो अशी सगळी बटणं एकत्र दाबून दाखवतो.

फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर हा साधा पण हमखास बग आहे. विंडोजला फरक पडत नाही, अँड्रॉइड आणि लिनक्सला पडतो, आणि गोडोचा एक्सपोर्ट केलेला पॅकही फरक करतो. एडिटरमध्ये सगळं चालतं आणि फोनवर एक चित्र गायब. सगळ्या फाइलींची नावं लहान अक्षरात ठेवायची हा नियम पहिल्या दिवशी करा आणि विषय संपवा.

भाषा आणि आकडे यावर थोडं जास्त बोलतो कारण आपल्या लोकांना हे नक्की लागतं. फोनची भाषा मराठी असेल तर जावा किंवा कोटलिनमध्ये नेहमीच्या फॉरमॅटने आकडा अक्षरात बदलला की तो देवनागरी अंकात येतो, इंग्रजी 12 ऐवजी '१२' असा. स्क्रीनवर ते छान दिसतं, पण तोच मजकूर सर्व्हरला पाठवला किंवा जेसनमध्ये (माहिती साठवायच्या मजकुराच्या फाइलीत) लिहिला की पलीकडे तो आकडा म्हणून वाचता येत नाही. हिंदीत हा प्रश्न येत नाही कारण हिंदीसाठी सिस्टीम मूळ सेटिंगने इंग्रजी अंकच वापरते, मराठी, नेपाळी, बंगालीत येतो, त्यामुळे हिंदीवर तपासलं म्हणजे मराठीचं झालं असं होत नाही. सीशार्पमध्ये वेगळं दुखणं, जर्मन विंडोजवर दशांशासाठी स्वल्पविराम असतो, तिथे दीड हा आकडा टिंब देऊन लिहिलेला असेल तर तो पंधरा म्हणून वाचला जातो. तुर्कीत मोठ्या आयचं लहान अक्षर टिंब नसलेलं होतं आणि फाइलचं नावच बदलतं. फाइलमध्ये लिहायचे-वाचायचे आकडे आणि नावं नेहमी भाषेवर अवलंबून नसलेल्या पद्धतीने लिहा, आणि फोन मराठीत, विंडोज जर्मन आणि तुर्कीत टाकून एकेकदा गेम सुरुवातीपासून खेळा.

गेममध्ये देवनागरी मजकूर असेल तर फॉन्ट टाकून झालं असं नसतं, अक्षरं जोडायचं काम कोणीतरी करावं लागतं. गोडो ४ ते नीट करतं, गोडो ३ करत नाही, युनिटीचं टेक्स्टमेशप्रो एकट्याने करत नाही, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. तपासायला हे शब्द ठेवा: क्षितिज, ज्ञानेश्वर, कर्तृत्व, विद्यार्थ्यांनी, तऱ्हा. हे पाच नीट दिसले तर बहुतेक सगळं नीट दिसेल. विंडोजचं युजरनेम देवनागरीत असलेल्या मशीनवरही एकदा चालवा, फोल्डरच्या पत्त्यात मराठी आलं की काही जुन्या लायब्ररींना फाइल उघडता येत नाही.

रोजचं बक्षीस वगैरे असेल तर लक्षात ठेवा की आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे, पूर्ण तासाचा हिशोब धरणारा कोड भारतात अर्ध्या तासाने चुकतो. फोनचं घड्याळ पुढे-मागे करून बघा.

आकड्यांची हद्द हा प्रकार जुना आहे, १९८० च्या पॅकमॅनमध्ये लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये (त्यात २५५ पर्यंतच मावतं) ठेवला होता म्हणून २५६ व्या लेव्हलला अर्धा स्क्रीन कचऱ्याने भरतो. माइनक्राफ्टच्या बीटा १.८ च्या आधीच्या आवृत्त्यांत केंद्रापासून सव्वा कोटी ब्लॉकच्या पुढे गेलं की जमीनच विचित्र व्हायची, तेही आकडा हद्दीबाहेर गेल्यामुळे. आजच्या छोट्या गेममध्ये हे दिसतं ते एकूण खेळलेल्या वेळेत. तो वेळ साध्या फ्लोटमध्ये (दशांश आकडा ठेवायचा छोटा प्रकार) ठेवून दर फ्रेमला वाढवत राहिलं तर ६० फ्रेमवर साधारण ७३ तासांनंतर घड्याळ जवळपास दुप्पट पळायला लागतं आणि घड्याळात १४५ तासांच्या पुढे गेलं की ते थांबूनच जातं, कारण फ्लोटला एवढ्या मोठ्या आकड्यात इतकी छोटी भर दिसतच नाही. डबल (फ्लोटपेक्षा मोठा प्रकार) वापरा किंवा टिक पूर्णांकात मोजा. असे बग खेळून सापडत नाहीत, डीबग मेनूतून आकडा टोकाला नेऊन बघावे लागतात: पैसे कमाल, पैसे शून्य, बॅगेत जागा नाही, लाइफ एक.

कॉम्प्युटरकडून करून घ्यायची टेस्टिंग

टेस्ट लिहायला युनिटीत टेस्ट फ्रेमवर्क आहे, गोडोसाठी गट (GUT) आणि जीडीयुनिट४ ही साधनं आहेत. पण सगळ्या गेमला टेस्ट लिहायला जाऊ नका, उडी मारायला मजा येते का ते कुठलीच टेस्ट सांगणार नाही आणि डिझाइन दर आठवड्याला बदलत असतं तेव्हा अर्ध्या टेस्ट फेकाव्या लागतात. मी तीनच लिहीन. एक, जुनी सेव्ह सगळी उघडतात का. दोन, प्रत्येक लेव्हल लोड होते का, दहा सेकंद चालते का, लॉगमध्ये एरर येतो का, मग पुढची. तीन, हिशोबाचे नियम, डॅमेज, दुकानातल्या किमती, क्राफ्टिंग. याच्या जोडीला रात्री एक माकड लावून ठेवा, म्हणजे वाटेल ती बटणं दाबत राहणारा कोड, सीड आणि इनपुट रेकॉर्ड करत. सकाळी क्रॅश मिळाला तर तो रेकॉर्डिंगसकट मिळतो. आणि एकदा दुरुस्त केलेला गंभीर बग परत आला तर त्याच्यासाठी टेस्ट लिहायचीच.

माणसांना खेळायला देताना

शेजारी बसून बघत असाल तर गप्प बसा. "इकडून जा", "ते बटण दाब" असं काही नाही, तो अडकला तरी नाही. तुम्ही सांगितलं की तुम्हाला हवी होती तीच माहिती गेली. स्क्रीन आणि शक्य असेल तर हात रेकॉर्ड करा, परवानगी विचारून. टेस्टर जे सांगतो त्यापेक्षा तो जे करतो ते जास्त खरं असतं, तो म्हणेल बॉस कठीण आहे आणि व्हिडिओत दिसेल की ढाल आहे हेच त्याला कळलेलं नाही. नवीन डोळे एकदाच मिळतात, त्यामुळे सगळ्या ओळखीच्यांना पहिल्याच बिल्डवर खर्च करू नका, चार-पाच जणांना द्या, मोठे अडथळे काढा, मग पुढचे चार-पाच.

स्टीमवर पासवर्डचा बीटा ब्रँच (ठरावीक लोकांनाच मिळणारी वेगळी आवृत्ती) ठेवता येतो आणि स्टीम प्लेटेस्टही आहे ज्यात लोकं स्वतः नाव नोंदवतात. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून पहिले दोन तास सगळ्यात जास्त लोकांकडून तपासून घ्या. स्टीम डेक या हातात धरायच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन १२८० बाय ८०० आहे, त्यावर तुमची बारीक अक्षरं वाचता येतात का तेही बघा. प्ले स्टोअरवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांच्या चाचणीत) असावे लागतात, आधी हा आकडा २० होता. ही अट शेवटच्या आठवड्यात आठवली तर रिलीजची तारीख जाते. नुसती नावं भरण्यापेक्षा या बारा जणांत वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या किमतीचे फोन असलेले लोक घ्या. आयफोनसाठी टेस्टफ्लाइटचा (ॲपलच्या टेस्टिंगच्या ॲपचा) बिल्ड ९० दिवसांनी बंद होतो हे लक्षात ठेवा.

कन्सोलवर जायचं असेल तर निन्टेन्डो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट प्रत्येकाची स्वतःची तपासणी असते, कंट्रोलर सुटला तर काय, सेव्ह करताना जागा संपली तर काय, असं सगळं तिथे बघतात. सगळे प्लॅटफॉर्म एकाच दिवशी करायचं ओझं छोट्या टीमने घेऊ नये असं मला वाटतं. पुण्यात बनलेला राजी: ॲन एन्शंट एपिक ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला आणि पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर ऑक्टोबरमध्ये.

टेस्टर्सना उत्तर द्या. तुझा बग अमुक बिल्डमध्ये गेला, एवढा एक मेसेज. फुकट वेळ दिलेला असतो त्यांनी, आणि ज्याला उत्तर मिळतं तोच पुढचा बग नीट लिहून पाठवतो. नाव क्रेडिट्समध्ये टाका, स्पेलिंग विचारून.

कुठला आधी, आणि दुरुस्त झाला हे कसं ठरवायचं

माझा क्रम असा: सेव्ह जाणारे, मग गेम पुढे जाऊ न देणारे, मग क्रॅश, मग कंट्रोलचे, मग बाकी सगळे. बरेच जण क्रॅश आधी ठेवतात पण प्लेयर विहिरीत अडकला आणि तिथेच ऑटोसेव्ह झालं तर ते क्रॅशपेक्षा वाईट आहे, क्रॅशमध्ये निदान परत सुरू करता येतं. दिसायला गंमतशीर पण निरुपद्रवी बग राहू द्या, स्पीडरनर (गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्या) लोकांना आवडतात, आणि रिलीजच्या तोंडावर ते दुरुस्त करताना नवीन काहीतरी मोडतं.

आधी चालत होतं आणि आता चालत नाही अशा बगसाठी कोड वाचत बसू नका, गिट बायसेक्ट वापरा. चांगला कमिट आणि खराब कमिट सांगितला की तो मधला काढून देतो, तुम्ही खेळून चांगला की वाईट तेवढं सांगायचं, हजार कमिटमधला गुन्हेगार दहा फेऱ्यांत सापडतो. मात्र यासाठी प्रत्येक कमिट चालू होणारा असला पाहिजे, अर्धवट काम कमिट करायची सवय असेल तर इथे ती आडवी येते.

अधूनमधून होणाऱ्या बगला दुरुस्त म्हणण्याआधी हिशोब करा. पाचात एकदा होणारा बग आहे, तुम्ही कोड बदलला, पाच वेळा खेळलात, झाला नाही. काहीही दुरुस्त झालेलं नसतानाही असं होण्याची शक्यता जवळजवळ तेहतीस टक्के आहे. ती पाच टक्क्यांच्या खाली न्यायची तर चौदा वेळा खेळावं लागतं. म्हणून आधी बग जास्त वेळा घडेल अशी परिस्थिती शोधायची, फ्रेमरेट पाडून, वेळ ताणून, शत्रूंची संख्या दहापट करून. दहात नऊ वेळा घडायला लागला की कारणही दिसायला लागतं आणि दुरुस्ती तपासायला तीन फेऱ्या पुरतात. कारण न कळता गायब झालेला बग बंद करू नका, शीटमध्ये उघडाच ठेवा.

रिलीज आणि त्यानंतरचे दिवस

रिलीजच्या आधी एक आठवडा नवीन काहीही टाकायचं नाही, फक्त दुरुस्त्या, आणि प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्याने वाचलेली. टीममध्ये एकटेच असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः परत वाचा. जो बिल्ड तपासला तोच अपलोड करा, शेवटच्या क्षणी फक्त एक आयकॉन बदलून केलेला बिल्ड हा न तपासलेला बिल्ड आहे. स्टोअरवरून स्वतः डाउनलोड करून, डेव्हलपमेंटचं काहीही नसलेल्या मशीनवर सुरू करून बघा. प्रत्येक बिल्डच्या सिम्बॉल फाइल जपून ठेवा, नाहीतर क्रॅश रिपोर्टमध्ये नुसते पत्त्यांचे आकडे येतात आणि फंक्शनची नावं कळत नाहीत.

प्ले कन्सोलमधल्या व्हायटल्सवर (गेमच्या तब्येतीच्या आकड्यांवर) रोज नजर ठेवा, लोकांना जाणवणाऱ्या क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्के किंवा एएनआरचं (गेम प्रतिसाद देईनासा होण्याचं) ०.४७ टक्के यांच्या वर गेलं तर गेम स्टोअरमध्ये कमी दिसू शकतो. अपडेट देताना टप्प्याटप्प्याने द्या, आधी थोड्या टक्के लोकांना, दोन दिवस बघा, मग वाढवा. काही बिघडलं तर तिथेच थांबवता येतं. शुक्रवारी संध्याकाळी पॅच टाकू नका, शनिवार-रविवार सगळ्यात जास्त लोकं खेळतात आणि तेव्हाच तुम्ही दमलेले असता.

आणि मागे यायचा रस्ता आधीच चालून बघा. स्टीमवर जुना बिल्ड परत लाइव्ह करता येतो, प्ले स्टोअरवर कमी व्हर्जन कोड चालत नाही, तिथे जुनाच कोड वाढीव नंबर देऊन परत बनवून चढवावा लागतो, त्यामुळे त्याची स्क्रिप्ट तयार हवी. पण दोन्हीकडे खरा अडथळा सेव्हचा असतो, नवीन बिल्डने लिहिलेलं सेव्ह जुन्या बिल्डला वाचता येत नाही. म्हणून जुन्या बिल्डने स्वतःपेक्षा मोठ्या व्हर्जनचं सेव्ह दिसलं तर त्यावर काहीही न लिहिता, ते तसंच ठेवून, खेळणाऱ्याला स्पष्ट सांगायचं की हे सेव्ह नव्या आवृत्तीचं आहे, ते सुरक्षित आहे आणि पुढचा अपडेट आल्यावर उघडेल. हा कोड पहिल्याच पब्लिक बिल्डमध्ये असावा लागतो, कारण नंतर टाकलेला कोड आधीच लोकांच्या मशीनवर असलेल्या बिल्डमध्ये जात नाही.